प्रकल्प अहवालाची मांडणी आणि संदर्भ : "हे कुठून कळलं?"



चौथीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईने इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्प अहवालावर लेख का लिहावा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी किंवा नात्यात असं एखादं लेकरू असतंच. आणि वर्ष संपत आलं की "फक्त रिपोर्ट राहिलाय" हे वाक्य त्या घरात रोज ऐकू येतं. ते 'फक्त' किती मोठं असतं, हे मी यंदा जवळून पाहिलं.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रविवारी पेनड्राइव्ह घेऊन तो घरी आला आणि म्हणाला, "मावशी, शाळेचे सगळे अहवाल तूच टाइप करतेस ना? मग हा जरा नीट करून दे. परवा सरांना दाखवायचाय." मी म्हटलं, करून देणार नाही, शेजारी बसून सांगेन. तसे आम्ही दोन दिवस बसलो. त्या दोन दिवसांत जे समजलं ते तुमच्यापुढे ठेवते. इंजिनिअरिंगमधलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्याचाच उपयोग झाला.

चार मुलं, चार फाइली

प्रकल्प चौघांचा. पाडलेल्या इमारतीच्या काँक्रीटच्या मलब्यातून खडी काढायची, ती नव्या काँक्रीटमध्ये वापरायची आणि क्यूब तयार करून किती ताकद येते ते पाहायचं. विषय मला आवडला. काम मुलांनी खरंच केलं होतं. फोटोत त्यांचे हात सिमेंटने माखलेले दिसत होते. पण अहवाल म्हणजे चौघांनी वेगवेगळ्या टाइप केलेल्या चार फाइली एकाखाली एक चिकटवलेल्या. एका प्रकरणाचं अक्षर मोठं, दुसऱ्याचं बारीक. कुठे ओळींमध्ये अंतर जास्त, कुठे कमी. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली, मध्ये टिंबं टिंबं टिंबं आणि शेवटी पान नंबर. वर एक परिच्छेद वाढवला की खालचे सगळे नंबर चुकत. भाच्याने ती अनुक्रमणिका तोपर्यंत तीनदा बदलली होती.

इथे एकच गोष्ट सांगते. ती जमली तर निम्मं काम संपतं. वर्डमध्ये होम टॅबवर 'स्टाइल्स' नावाचा भाग असतो. आपण सगळे तो रोज बघतो आणि कधीच वापरत नाही. आपण काय करतो? शीर्षक निवडतो, बोल्ड करतो, साइज सोळा करतो. ते डोळ्यांना शीर्षक दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती नुसती जाड अक्षरांची ओळ असते. तसं न करता प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १', उपशीर्षकाला 'हेडिंग २', त्याखालच्या मुद्द्याला 'हेडिंग ३' ही स्टाइल द्यायची. मग वर्डला कळतं की हे प्रकरण आहे आणि हा त्याचा पोटभाग. त्यानंतर 'रेफरन्सेस' टॅबमधून 'टेबल ऑफ कंटेंट्स' निवडलं की अनुक्रमणिका आपोआप तयार होते. मजकूर वाढला, पानं सरकली, तरी अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ ९ दाबायचं आणि 'अपडेट एंटायर टेबल' म्हणायचं. झालं. भाचा दोन मिनिटं पडद्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "हे पहिल्या वर्षाला का नाही सांगत कुणी?"

खरंच, का नाही सांगत? स्टाइल वापरल्याचा दुसरा फायदाही आहे. गाइड सर ऐनवेळी म्हणाले की उपशीर्षकं चौदाऐवजी बाराच्या साइजमध्ये हवीत, तर ऐंशी पानं उलटत बसावं लागत नाही. स्टाइल एका जागी बदलली की सगळीकडे बदलते.

समास, अक्षर वगैरे गोष्टी कॉलेज छापून देतं. तो कागद आधी मागून घ्यायचा आणि तोच पाळायचा, कारण विद्यापीठागणिक फरक असतो. साधारणपणे ए-४ कागद, टाइम्स न्यू रोमन, मजकूर १२ साइजचा, दीड ओळीचं अंतर, डावीकडे दीड इंच आणि बाकी तीन बाजूंना एक इंच समास असं असतं. डावीकडे जास्त का, हे मुलांना माहीत नसतं. बाइंडिंगमध्ये तेवढा कागद आत जातो. झेरॉक्सवाल्याकडे काळ्या पुठ्ठ्यात, सोनेरी अक्षरांत बांधून आल्यावर ओळीची पहिली दोन अक्षरं शिवणीत गेलेली दिसली की रडू येतं. आणि बाइंडिंगचे पैसे पालकांच्या खिशातून जातात, हे वेगळं सांगायला नको.

पान नंबरचा घोळ मात्र सगळ्यांचा होतो. सुरुवातीची पानं, म्हणजे प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, गोषवारा, अनुक्रमणिका, आकृत्यांची आणि तक्त्यांची यादी, यांना रोमन आकडे हवेत आणि पहिल्या प्रकरणापासून पुन्हा एकपासून मोजणी. एकाच फाइलमध्ये हे जमत नाही असं समजून मुलं दोन फाइली करतात, आणि मग अनुक्रमणिका बिघडते. उपाय असा: पहिल्या प्रकरणाच्या आधी 'लेआउट' टॅबमधून 'ब्रेक्स' आणि त्यातला 'सेक्शन ब्रेक'खालचा 'नेक्स्ट पेज' घ्यायचा. मग नव्या भागाच्या फूटरमध्ये जाऊन 'लिंक टू प्रिव्हियस' बंद करायचं आणि नंबर एकपासून सुरू करायला सांगायचं. हे 'लिंक टू प्रिव्हियस' बंद करायचं विसरलं, की खाली केलेला बदल वरही होतो आणि मुलं म्हणतात वर्डच खराब आहे.

आकृतीचं नाव आकृतीच्या खाली आणि तक्त्याचं नाव तक्त्याच्या वर, हा बहुतेक ठिकाणचा नियम. नंबर प्रकरणानुसार, म्हणजे तिसऱ्या प्रकरणातली दुसरी आकृती ३.२. हे नंबरही हाताने घालू नका. आकृतीवर राइट क्लिक केलं की 'इन्सर्ट कॅप्शन' मिळतं. मजकुरात "आकृती ३.२ पाहा" लिहिताना तो आकडाही 'क्रॉस रेफरन्स'मधून घ्यायचा. मध्ये नवी आकृती आली तरी शेवटी कंट्रोल ए आणि एफ ९ दाबलं की सगळे आकडे सरळ होतात. आणखी एक सांगते. जिचा मजकुरात एकदाही उल्लेख नाही अशी आकृती अहवालात ठेवायचीच कशाला? भाच्याच्या अहवालात सिमेंटच्या गोण्यांचा एक सुंदर फोटो होता. आम्ही काढून टाकला.

संदर्भ म्हणजे शेवटचं पान नाही

इथपर्यंत काम मजेत चाललं होतं. मग आम्ही संदर्भांच्या यादीपाशी आलो. बावीस संदर्भ. यादी अगदी नीटनेटकी. इतकी की मला शंका आली. चौथीच्या वर्गात एखाद्या मुलाचा निबंध असा आला की मी त्याला जवळ बोलावून हळूच विचारते, "बाळा, हे कुठून कळलं रे?" भाच्यालाही तेच विचारलं. पहिल्या संदर्भावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "हे तू कुठे पाहिलंस?"

तो गप्प. मग हसला. "मावशी, यादी सीनिअरच्या रिपोर्टमधली आहे. सगळेच घेतात."

मी रागावले नाही, कारण मला बोलायला तोंड नव्हतं. ते खाली सांगते. एवढंच म्हटलं की बावीसही ओळी एकेक करून बघू. जी वाचली असेल ती ठेवायची. वाचली नसेल तर आज वाचायची, नाहीतर खोडायची.

सातव्या ओळीवर होतं भारतीय मानक आयएस ३८३:१९७०. पुढे त्याचं इंग्रजी नाव, त्यात 'फ्रॉम नॅचरल सोर्सेस' असे शब्द. मी आपलं प्राथमिक शाळेतलं इंग्रजी घेऊन विचारलं, "नॅचरल सोर्सेस म्हणजे निसर्गातून मिळालेली खडी ना रे? मग तुमची खडी तर पाडलेल्या बिल्डिंगची आहे."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चौघांचा सगळा प्रकल्प पुनर्वापराच्या खडीवर, आणि आधार घेतला होता नैसर्गिक खडीच्या मानकाचा. तोही जुना. हे मानक २०१६ मध्ये सुधारलं गेलं आणि त्याच्या नावातून ते 'नैसर्गिक स्रोत' शब्द निघून गेले. नव्या मानकात मलब्यापासून केलेल्या खडीला जागा दिलेली आहे. म्हणजे ज्या कागदावर त्यांच्या प्रकल्पाचा पाया उभा राहायला हवा होता, तो यादीत नव्हताच. सीनिअरचा प्रकल्प कदाचित साध्या खडीवर असेल. त्याला १९७० चं चाललं असेल किंवा नसेल. यांना चालणार नव्हतं.

म्हणून मानकाचा संदर्भ देताना नुसता क्रमांक पुरत नाही, वर्ष लागतंच. भाच्यानेच मग मला दुसरं उदाहरण दिलं. आयएस ४५६ हे काँक्रीटच्या बांधकामाचं मुख्य मानक. १९७८ च्या आवृत्तीत लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटला कमीत कमी एम १५ प्रतीचं काँक्रीट चालत होतं, २००० च्या आवृत्तीत ते एम २० झालं. क्रमांक तोच, वर्ष बदललं की घराच्या ताकदीचा नियमच बदलला.

वर्ष आणि पान नंबर म्हणजे नुसती सजावट नाही, याचं आणखी एक उदाहरण पाहा. क्लॉड शॅनन यांचा संदेशवहनाच्या गणितावरचा गाजलेला लेख टेलिकॉमच्या मुलांच्या यादीत हमखास असतो. त्याचा संदर्भ आयईईई पद्धतीने असा लिहितात: सी. ई. शॅनन, "अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन," बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल, खंड २७, अंक ३, पृ. ३७९–४२३, जुलै १९४८. आधी नावाची आद्याक्षरं, मग आडनाव. लेखाचं नाव अवतरणात. नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरांत. आता गंमत अशी, की याच नावाने लेखाचा उरलेला भाग त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अंकात आला. महिना आणि पानं लिहिली नाहीत तर वाचणारा कोणता अंक काढणार? पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक झालं, तेव्हा नावातला पहिला 'अ' जाऊन 'द' आला. संदर्भ लिहिणारी व्यक्ती पाहून लिहितेय की ऐकून, ते अशा एका अक्षरावरून कळतं.

आयईईई ही मूळची इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्या अभियंत्यांची संस्था, पण तिची संदर्भाची पद्धत इंजिनिअरिंगच्या इतर शाखांतही चालते. नियम सोपा आहे. मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येतो तो [१], दुसरा [२], आणि तोच संदर्भ पुन्हा आला तर त्याचा जुनाच आकडा. यादीही त्याच क्रमाने, आडनावाच्या अकारविल्हे नाही. म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीकडे बोट दाखवणारा आकडा मजकुरात कुठेतरी असायलाच हवा. भाच्याच्या अहवालात यादी बावीसची आणि मजकुरात चौकोनी कंस फक्त चार. त्यावरूनच परीक्षकांना कळलं असतं.

काही मुलं गुगल स्कॉलरवर लेखाखालच्या अवतरणचिन्हावर क्लिक करून तयार संदर्भ उचलतात. तिथे एमएलए, एपीए, शिकागो, हार्वर्ड आणि व्हँकुव्हर असे पाच नमुने मिळतात. आयईईई त्यात नाही. मग यादीत पाच जातींची खिचडी होते. त्यापेक्षा झोटेरो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. त्यात लेखाची माहिती एकदा साठवली की वर्डमध्ये हवी तिथे आकडा येतो, यादी आपोआप बनते आणि मध्ये नवा संदर्भ घातला तर पुढचे आकडे आपोआप सरकतात. मात्र त्यात साठवलेलं नाव-वर्ष मूळ लेखाशी ताडून पाहावं लागतं. ते काम सॉफ्टवेअर करत नाही.

आणि एआयकडून संदर्भांची यादी बनवून घेणाऱ्यांबद्दल पालकांना खास सांगते. ती यादी दिसायला अस्सल असते, पण त्यातले काही लेख जगात कुठेच नसतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी अशा बनावट खटल्यांचे दाखले सादर केले आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलर दंड केला. शिकलेसवरलेले वकील फसले, तिथे एकवीस वर्षांच्या पोरांचं काय!

टक्के

मुलांना संदर्भापेक्षा 'सिमिलॅरिटी'च्या टक्क्यांची जास्त धास्ती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं. ४० ते ६० मध्ये वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणी रद्द होते. संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, प्रमाण चिन्हं आणि समीकरणं यात मोजली जात नाहीत. हे ठीक आहे. पण मुलं यातून शिकतात काय? शब्द फिरवायला. 'वापरले'चं 'उपयोगात आणले' केलं की टक्के उतरतात, पण दुसऱ्याचं म्हणणं दुसऱ्याचंच राहतं. आपल्या शब्दांत लिहिलं तरी कल्पना ज्याची, त्याचा आकडा कंसात द्यायलाच हवा. हे मला भाच्याला दोनदा समजवावं लागलं.

आता माझी गोष्ट. डीएडला असताना आम्हाला कृतिसंशोधनाचा अहवाल करायचा होता. मी वाचनात मागे पडणाऱ्या मुलांवर केला. मुलांसोबत काम मनापासून केलं, पण शेवटच्या पानावर संदर्भग्रंथ म्हणून जी पाच पुस्तकं लिहिली, त्यातली तीन मी उघडलीच नव्हती. आधीच्या बॅचच्या ताईच्या वहीतून उतरवली होती. कुणी विचारलं नाही. चांगले गुण मिळाले. पुढे नोकरी लागल्यावर त्यातलं एक पुस्तक केंद्रशाळेच्या कपाटात हाती लागलं. चाळून पाहिलं तर ते वाचनाबद्दल नव्हतंच, गणिताबद्दल होतं. त्या दिवशी शाळेत एकटीच होते तरी कान गरम झाले.

भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्या घराण्यातच आहे."

घराण्यात नाही, वर्गात आहे. आपण दुसरी-तिसरीच्या मुलांना 'प्रकल्प' देतो. मुलं दुकानातून पाच-दहा रुपयांचा चित्रांचा तक्ता आणतात, कापतात, चिकटवतात आणि खाली पालकांच्या अक्षरात माहिती येते. आपण 'छान' लिहून तारा देतो. माहिती कुठली, हे विचारतो का? मी नव्हते विचारत. यंदापासून प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर मुलांकडून एक ओळ लिहून घेते: हे मला कुठून कळलं. 'आमच्या विहिरीची माहिती' या प्रकल्पात एका मुलीने लिहिलं, "आजीने सांगितलं. खोली काकांनी दोरी सोडून मोजली." कोणत्याही पद्धतीच्या नियमात बसवा, संदर्भ असाच असतो. कुणी सांगितलं आणि कुणी मोजलं, दोन्ही वेगळं लिहिलेलं.

भाच्याच्या अहवालाचं पुढे काय झालं ते सांगते. त्याने आयएस ३८३:२०१६ मिळवलं आणि रात्री बसून वाचलं. वाचता वाचता मला हाक मारली. काँक्रीटच्या मलब्याची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळ्यांच्या काँक्रीटमध्ये एम २५ प्रतीपर्यंतच २० टक्के चालते, असं त्यात दिलेलं होतं. विटा-फरशा मिसळलेला मलबा असेल तर त्याला या दोन्हींत परवानगीच नाही. यांच्या निष्कर्षात लिहिलं होतं, "५० टक्के खडी बदलली तरी काँक्रीट बांधकामास योग्य." कारण क्यूब टिकले होते. प्रयोग खोटा नव्हता, पण ते एक वाक्य जसंच्या तसं छापलं गेलं असतं तर पुढच्या वर्षीच्या मुलांनी उतरवलं असतं, आणि कोण जाणे, एखाद्या ठेकेदाराने सुद्धा.

तेव्हाच त्याने बाकी तिघांना फोन लावला. तासभर वाद झाला. एकाचं म्हणणं होतं की आता काही बदलू नका, सर विचारणार नाहीत. शेवटी निष्कर्ष नव्याने लिहिला: प्रयोगशाळेत ५० टक्क्यांच्या क्यूबना किती ताकद आली ते आकड्यानिशी, आणि त्याच्यापुढे मानकाची मर्यादा किती आहे ते कंसातल्या आकड्यासह. मलबा नुसत्या काँक्रीटचा होता की मिश्र, हेही साहित्याच्या प्रकरणात वाढवलं. त्यासाठी ज्या ठिकाणाहून तो आणला होता तिथे एकजण दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन आला. बावीस संदर्भांचे अकरा राहिले. अकराही वाचलेले.

परवा बाइंडिंग होऊन आलं. डावीकडचा समास बरोबर आहे. ऋणनिर्देशात त्याने माझं नाव घातलंय, त्यात एक वेलांटी चुकली आहे.